श्रीरामपूरचे घर : एका मिशनरी कुटुंबाची दिनचर्या आणि १८०५ चे मराठी व्याकरण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अर्वाचीन गद्याचा आरंभ सांगताना एका ग्रंथाचा उल्लेख हटकून येतो. बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशन छापखान्यातून १८०५ साली निघालेले विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण हा तो ग्रंथ होय. रोम येथे १७७८ साली पोर्तुगीज भाषेत छापलेले मराठीचे एक व्याकरण त्याच्या आधीचे आहे, हे खरे. तथापि भारतात देवनागरी टंकांत मराठी मजकूर छापण्याचा मान सामान्यतः श्रीरामपूरकडे दिला जातो. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातील नव्हे, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला अजूनही सांगावे लागते. कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम तीरावर, त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखाली असलेले ते एक लहानसे गाव. वाङ्मयेतिहासकार येथे ग्रंथाचे नाव, सन, लिपी आणि टंक पाडणारा कारागीर एवढ्या गोष्टी नोंदवून पुढे जातो. ज्या घरात हा ग्रंथ सिद्ध झाला त्या घराचे जेवणखाण कसे चाले, पैसा कोठून येई, मुले कोण वाढवी, हे प्रश्न आपल्या कक्षेतले आहेत असे त्याला सहसा वाटत नाही.

ते आपल्या कक्षेत आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. कॅरी यांच्या नावावर जमा असलेला बहुभाषिक ग्रंथसंभार एका माणसाच्या कर्तृत्वाने उभा राहिला, असे समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. प्रत्यक्षात त्या संभाराच्या खाली एक मोठे एकत्र घर होते. त्या घरातील बायकांचे श्रम, मुलांची वाताहत आणि एका स्त्रीचे उद्ध्वस्त झालेले मन हा त्या ग्रंथांच्या निर्मितीचा भाग आहे. शिवाय श्रीरामपूरच्या बंगाली लेखनाला जो जिवंतपणा लाभला तो तेथील मराठी लेखनाला का लाभला नाही, याचेही एक कारण त्या घरातच सापडते.

कॅरी हे नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील एक चर्मकार. १७८१ साली डॉरोथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू वयाने काही वर्षे मोठी होती, आणि तिला लिहिता येत नसल्यामुळे विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली केली. या फुलीचे महत्त्व पुढे कळते. कॅरी, वॉर्ड, मार्शमन या सर्वांनी पत्रे लिहिली, रोजनिशा ठेवल्या, चरित्रकारांना भरपूर साधने पुरवली. डॉरोथीबाईंच्या बाजूचे लेखन जवळजवळ नाही. त्यांना आपण नेहमी दुसऱ्याच्या अक्षरांतून वाचतो, आणि तो दुसरा बहुधा त्यांच्यामुळे त्रासलेला असतो.

१७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली आणि कॅरी यांनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरवले. डॉरोथीबाईंनी नकार दिला. त्या गरोदर होत्या, आधी दोन मुली दगावल्या होत्या, आणि आपल्या परगण्याबाहेरचे जग त्यांनी पाहिले नव्हते. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरावे लागले. मधल्या काळात डॉरोथीबाई बाळंत झाल्या. कॅरी यांचे सहकारी डॉक्टर जॉन थॉमस यांनी त्यांची दोनदा भेट घेऊन मनधरणी केली, भीतीही घातली. आणि बहीण कॅथरीन सोबत येत असेल तर येते, असे त्या अखेर म्हणाल्या. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून हे कुटुंब निघाले. धाकटा जेबेझ तेव्हा अवघ्या काही आठवड्यांचा होता. नोव्हेंबरात ते कलकत्त्यास पोहोचले.

या संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न चरित्रकारांनी आपापल्या परीने सोडवला आहे. जुन्या भक्तिपर चरित्रांत डॉरोथीबाई म्हणजे थोर पुरुषाच्या वाट्याला आलेली एक परीक्षा, एवढेच त्यांचे स्थान असे. १९९२ साली जेम्स बेक यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिल्यानंतर हे चित्र पुष्कळसे बदलले. तरी वाङ्मयाच्या अभ्यासकांपर्यंत तो बदल अजून फारसा पोहोचलेला नाही.

पहिली काही वर्षे हालांची गेली. कलकत्त्यात पैसे संपले. रामराम बसू या मुनशीच्या साहाय्याने हे कुटुंब सुंदरबनातील देबहाटा येथे गेले. तेथे कंपनीच्या मीठ खात्यातील चार्ल्स शॉर्ट या अधिकाऱ्याने त्यांना आसरा दिला. डॉरोथीबाई व फेलिक्स रक्तअतिसाराने अंथरुणास खिळले होते. कॅथरीनने पुढे या शॉर्ट यांच्याशी विवाह केला आणि ती मागेच राहिली. बहिणीच्या सोबतीची अट घालून निघालेल्या स्त्रीची ती सोबतही अशी सुटली. १७९४ च्या मध्यास मालद्याजवळच्या मुदनाबाटी येथे जॉर्ज उडनी यांच्या निळीच्या कारखान्यावर दरमहा २०० रुपयांची व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर वारला.

पीटरच्या दफनाची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. शवपेटी करावयास सुतार मिळेना. प्रेताला शिवल्यास जात जाईल, म्हणून खड्डा खणावयास कोणी पुढे येईना. अखेर चार मुसलमान तयार झाले, तर गावाने त्यांच्याशी खाणेपिणे बंद केले. मुलाला स्मशानापर्यंत न्यावयासही माणसे मिळता मिळेनात. आईबापांनीच तो भार उचलावा, अशी वेळ आली. जातिव्यवस्थेवर पुढे श्रीरामपूरच्या मंडळींनी पुष्कळ लिहिले. त्या लेखनातील कठोरपणा केवळ पुस्तकी नव्हता, हे या प्रसंगावरून ध्यानात यावे. तो कठोरपणा सर्वत्र न्याय्य होता असे मात्र यावरून ठरत नाही.

पीटरच्या मृत्यूनंतर डॉरोथीबाईंचे मन ढळले. नवरा परस्त्रियांच्या मागे आहे, असा भ्रम त्यांना झाला. त्या रस्त्यातून त्यांच्यामागे ओरडत जात. सुरी घेऊन अंगावर धावून गेल्याचाही उल्लेख मिळतो. १७९५ पासून १८०७ पर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, ही अवस्था टिकली. त्यांना कलकत्त्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा सल्ला कॅरी यांनी मानला नाही. घरातच, बहुतेक काळ कुलूपबंद खोलीत, त्यांना ठेवले गेले. त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांची स्थिती पाहता हा निर्णय दयेचाच म्हटला पाहिजे. पण कुलूप ते कुलूपच.

१७९९ च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून नवी तुकडी आली. जोशुआ व हॅना मार्शमन, छपाईचे काम जाणणारे विल्यम वॉर्ड, ब्रन्सडन व ग्रँट यांची कुटुंबे त्यांत होती. कंपनी सरकार त्यांना आपल्या मुलखात राहू देईना. श्रीरामपूरचे डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी मात्र त्यांना संरक्षण दिले. म्हणून मुदनाबाटीचा संसार मोडून, उडनी यांनी भेट दिलेला लाकडी छापयंत्राचा सांगाडा बरोबर घेऊन, कॅरी १० जानेवारी १८०० रोजी श्रीरामपूरला आले. नदीकाठी मध्ये मोठे दालन व दोहों बाजूंस खोल्या असलेले एक घर ६,००० रुपयांस खरेदी करण्यात आले. दहा मोठी माणसे आणि नऊ मुले तेथे राहू लागली.

आठच दिवसांत या मंडळींनी घराचे नियम केले. वॉर्ड यांच्या रोजनिशीत १८ जानेवारीच्या नोंदीत ते आढळतात. उपदेश व प्रार्थना आळीपाळीने सर्वांनी करावयाच्या. घराचा कारभार एका महिन्यापुरता एकाने पाहावयाचा, मग दुसऱ्याने. तिजोरी आणि औषधांची पेटी कॅरी यांच्याकडे. पुस्तके फाउंटन यांच्याकडे. खाजगी व्यापार कोणी करावयाचा नाही, मिळेल ते मिशनचे. शनिवारची संध्याकाळ आपसांतील तंटे मिटवण्यासाठी राखून ठेवलेली. हा शेवटचा नियम मोठा मनोज्ञ आहे. तंटे होणारच, हे धरून चालणारी माणसे ती. १८०५ साली या नियमांना अधिक विस्तृत करारनाम्याचे रूप आले आणि तो वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर वाचला जावा असे ठरले.

मराठी वाचकाला हे वर्णन वाचून आपले एकत्र कुटुंब आठवेल. परंतु येथे रक्ताचे नाते नव्हते. कल्पना मोरेव्हियन बंधुमंडळाच्या वसाहतींवरून घेतलेली होती. आपल्याकडील मठाशी तुलना करावी, तर मठात बायकामुले नसतात. वॉर्ड मात्र निःशंकपणे ‘कुटुंब’ हाच शब्द योजतात. आणि कुटुंबाप्रमाणेच येथेही, नियम कागदावर सर्वांना समान असले तरी चुलीचा भार प्रत्यक्षात कोणावर पडला, हे पाहावे लागते.

तो मुख्यतः हॅना मार्शमन यांच्यावर पडला. ब्रिस्टॉलच्या या बाईंनी १८०० च्या मे महिन्यात आपल्या पतीसह युरोपियन मुलामुलींसाठी शुल्क घेऊन राहण्याजेवण्याची सोय असलेल्या शाळा सुरू केल्या. मुलींची शाळा सर्वस्वी त्यांच्याकडे होती. पुढील काही वर्षांत मिशनच्या उत्पन्नाचा हा एक भरवशाचा स्रोत ठरला. छापखान्याच्या कामाचा पैसा पुढे येऊ लागला. फोर्ट विल्यम कॉलेजातील कॅरी यांचा पगार १८०१ पासून आला, प्रथम दरमहा ५०० रुपये आणि नंतर त्याच्या दुप्पट. या तिन्ही ओघांतील पाणी एकाच हौदात पडे. कॅरी स्वतःच्या कुटुंबासाठी त्यातील अगदी थोडा अंश घेत. कॉलेजात व सरकारवाड्यात नीटनेटक्या पोशाखात जाता यावे म्हणून त्यांना आणखी थोडे देण्यात येई, ही बाब हिशेबात वेगळी दाखवलेली आहे. कागद, शिसे, पंडितांचे वेतन, टंक पाडणाऱ्या पंचानन कर्मकारांची मजुरी ही सारी या हौदातून भागे. तेव्हा देवनागरीचा जो खिळा मराठी व्याकरणासाठी जुळवला गेला त्याच्या किमतीत, कोणा व्यापाऱ्याने आपल्या मुलीच्या शिक्षणाखातर हॅनाबाईंच्या हाती ठेवलेले शुल्कही मिसळलेले आहे. वाङ्मयेतिहासात आश्रयदात्यांची नावे देण्याची प्रथा आहे. पेशवे, भोसले, कंपनी सरकार यांच्या ओळीत या शाळेचे नाव अद्याप आलेले नाही.

या घराची रोजची रीत अशी. पहाटे उठणे, सहा-सातच्या सुमारास एकत्र प्रार्थना, सर्वांची न्याहारी एका पंगतीत, मग शाळा, छापखाना, भाषांतर. माणसांची संख्या वाढत गेली. नवे मिशनरी आले, शाळेतील मुले होती, पाहुणे असत. पंगत साठांच्या घरात जाई. भाताच्या राशी, कालवणाची मोठाली भांडी, मासे, मांस, स्वतःच्या बागेतील भाजी असा बेत असे. रोज दोन वेळा एवढे अन्न शिजवून घेणे, तापाने निजलेल्यांना औषधपाणी करणे, शाळेतील मुलींचे कपडे बेतणे, आणि यातच स्वतःची बाळंतपणे. हॅनाबाईंना बारा मुले झाली. त्यांपैकी निम्मी लहानपणीच गेली. मृत्यू हा त्या घराचा नित्याचा पाहुणा होता. ग्रँट १७९९ मध्ये, फाउंटन १८०० मध्ये, ब्रन्सडन व थॉमस १८०१ मध्ये वारले. दोन वर्षांत चार कर्ते पुरुष गेले आणि विधवा व पोरकी मुले त्याच पंगतीस बसत राहिली. फाउंटन यांच्या विधवेशी वॉर्ड यांनी १८०२ साली विवाह केला.

कॅरी यांची चार मुले बापाला वेळ नाही आणि आई कुलुपात, अशा स्थितीत वाढत होती. ती उनाड झाली होती, असे हॅनाबाईंनी लिहिले आहे. बापाला ते दिसे, वाईटही वाटे, पण कठोर होणे त्याच्या स्वभावात नव्हते. मुलांना वळण लावले ते हॅनाबाईंनी आणि वॉर्ड यांनी. फेलिक्स छापखान्यात वॉर्ड यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे तो ब्रह्मदेशात गेला, त्याने ब्रह्मी भाषेचे व्याकरण केले. परत आल्यावर शारीरशास्त्रावर बंगालीत विद्याहारावली हा ग्रंथ १८२० च्या सुमारास प्रसिद्ध केला. बंगाली शास्त्रीय परिभाषेच्या इतिहासात त्याचे नाव घ्यावे लागते. हा मुलगा मुदनाबाटीच्या अंगणात बंगाली शिकला होता, वर्गात नव्हे.

१८०० च्या डिसेंबरात या घरात दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला होता. थॉमस यांनी तो बसवून दिला. त्यातून परिचय वाढला आणि २२ डिसेंबर रोजी कृष्ण पाल व त्याचा मित्र गोकुल यांनी मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून उघडपणे जेवण घेतले. जात मोडण्याचा विधी कोणत्याही मंत्राने झाला नाही. तो जेवणाच्या मेजावर झाला. २८ तारखेस हुगळीच्या पात्रात फेलिक्स व कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वेळी, हर्षाच्या भरात भ्रमिष्ट झालेले थॉमस शाळेच्या खोलीत कोंडलेले होते आणि दुसरीकडे डॉरोथीबाई आपल्या खोलीतून ओरडत होत्या. दोन बाजूंचा तो आक्रोश आणि मध्ये बंगाली भजन, असे त्या दिवसाचे वर्णन वॉर्ड यांच्या लेखनातून मिळते. चरित्रांत हा प्रसंग विजयाचा म्हणून येतो. तो आपण संपूर्ण ऐकला पाहिजे.

१८०३ च्या ऑक्टोबरात गोकुल वारला. त्याची शवपेटी मार्शमन, फेलिक्स, भैरव नावाचा बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण आणि पीरू नावाचा पूर्वाश्रमीचा मुसलमान या चौघांनी खांद्यावरून नेली. नऊ वर्षांपूर्वी पीटरसाठी खांदेकरी मिळाले नव्हते. त्या नऊ वर्षांत या घराने आपल्याभोवती एक नवा समाज उभा केला होता, ही गोष्ट धर्मांतराच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असले तरी नाकारता येणार नाही.

आता भाषेकडे वळू. बंगाली ही या घराची रोजची भाषा होती. नोकरांशी, कोळ्याशी, सुताराशी, दाराशी येणाऱ्या भिकाऱ्याशी तीच बोलावी लागे. सकाळची प्रार्थना नोकरांसह बंगालीत होई. १८०१ साली निघालेल्या कॅरी यांच्या कथोपकथन या संवादसंग्रहात याचा पडताळा येतो. नोकर ठेवणे, मासे पकडणाऱ्यांचे बोलणे, विवाहाची बोलणी, बायकांची कडाक्याची भांडणे हे सारे त्यात आहे. हे संवाद कॅरी यांनी स्वतः लिहिलेले नाहीत. जाणत्या एतद्देशीयांकडून लिहवून घेतले, असे त्यांनीच सांगितले आहे आणि मृत्युंजय विद्यालंकारांचा हात त्यात असावा असे अभ्यासकांना वाटते. परंतु असे विषय व्याकरणाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवावेत हे सुचण्यासाठी, त्या आवाजांच्या सान्निध्यात राहिलेला माणूस लागतो. दारिद्र्याच्या व निळीच्या कारखान्याच्या वर्षांनी कॅरी यांना ते कान दिले होते.

मराठी या घरात त्या वाटेने आली नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृतबरोबर मराठीचे अध्यापनही कॅरी यांच्याकडे आले आणि तेथील मराठीचे मुख्य पंडित, नागपूरकडचे वैजनाथ शर्मा, यांच्या साहाय्याने त्यांनी ही भाषा आत्मसात केली. कॅरी मंगळवारी संध्याकाळी होडीने कलकत्त्यास जात आणि शुक्रवारी परत येत. मराठी त्यांना भेटे ती आठवड्याच्या मधल्या दिवसांत, कॉलेजच्या खोलीत. १८०६ च्या जून महिन्यातील एका पत्रात त्यांनी कलकत्त्यातील आपल्या एका दिवसाचा हिशेब दिला आहे. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू बायबलचा अध्याय. सातला नोकरांसह बंगाली प्रार्थना. चहा ओतला जात असता मुनशीबरोबर फारसी. न्याहारीनंतर पंडिताबरोबर संस्कृत रामायणाचे भाषांतर. दहापासून दुपारपर्यंत कॉलेज. मग बंगाली यिर्मयाची मुद्रिते तपासणे. जेवणानंतर मुख्य पंडिताबरोबर मत्तयाचे संस्कृत भाषांतर. संध्याकाळी तेलुगू पंडित. त्यानंतर इंग्रजी प्रवचन. रात्री पुन्हा बंगाली यहेज्केल आणि शेवटी ग्रीक नवा करार. हा माणूस दिवसभरात इतक्या भाषांतून जातो, आणि प्रत्येक भाषेच्या दाराशी एक पंडित बसलेला आहे.

या दिनक्रमात डॉरोथीबाई कोठेच नाहीत. ते स्वाभाविकही आहे, कारण त्या तिकडे श्रीरामपुरात होत्या. मात्र आठवड्याचे उरलेले दिवस कॅरी ज्या खोलीत मुद्रिते तपासत तिच्या शेजारच्या खोलीत ही क्षुब्ध स्त्री असे, हे जोशुआंचे पुत्र जॉन क्लार्क मार्शमन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. ते त्या घरात वाढले होते. कॅरी यांच्या चिकाटीचा पुरावा म्हणून त्यांनी ही गोष्ट सांगितली. आज आपण तीच गोष्ट वाचतो तेव्हा भिंतीच्या दुसऱ्या बाजूकडेही लक्ष जाते.

मराठी व्याकरणाच्या नावातच परिचित विषयांवरील संवाद जोडल्याचा उल्लेख आहे. नमुना उघडच बंगालीचा. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. कथोपकथनातील परिचित विषय त्या घराला खरोखरच परिचित होते. मराठीच्या बाबतीत ‘परिचित’ हे विशेषण विद्यार्थ्याच्या सोयीचे आहे. नागपूरची गृहिणी कोळणीशी कसे बोलते, हे श्रीरामपुरात कोणाच्या कानावर पडण्याचा संभव नव्हता. मराठी ही त्या घराच्या स्वयंपाकघराची, पाळण्याची किंवा दाराशी येणाऱ्या माणसांची भाषा कधीच नव्हती. व्याकरणाच्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१० मध्ये मोडी अक्षरांत कोश आला, १८११ मध्ये नवा करार. पुढे सिंहासन बत्तिशी, हितोपदेश आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र ही वैजनाथांची पुस्तके १८१४ ते १८१६ या काळात छापली गेली. यांपैकी शेवटचे पुस्तक रामराम बसूंच्या बंगाली ग्रंथावरून केलेले आहे. म्हणजे १७९४ मध्ये कॅरी कुटुंबाला सुंदरबनात नेणारा मुनशी बावीस वर्षांनी मराठीत असा शिरला. या सर्व ग्रंथांचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. त्यांच्या गद्यात मात्र पंडिताची बैठक दिसते, अंगण दिसत नाही. वैजनाथांना यात दोष देणे अन्यायाचे होईल. परमुलखात, परक्या विद्यार्थ्यांसाठी, एकट्याने एक भाषा उभी करण्याचे काम त्यांच्यावर आले होते.

तुलनेसाठी मुंबईकडे पाहावे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत आले. त्यांनी मराठीत स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. १८२६ साली त्यांच्या मिशनचा नवा करार पूर्ण झाला. १८२४ मध्ये त्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये आले तेव्हा मुंबईत स्थिर होण्यापूर्वी मराठी शिकण्यासाठी ते बाणकोट-हर्णैकडे जाऊन राहिले. मार्गारेटबाईंनी त्यानंतर मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८३५ मध्ये त्या वारल्या. या कुटुंबांना पाणी भरणारी, भाजी विकणारी, शाळेत मुलगी घालण्यास कां कूं करणारी बाई मराठीच बोले. मिशनरी मराठीचा पुढचा इतिहास या घरांतून लिहावा लागेल. त्यांचा तपशील येथे देण्यास जागा नाही.

डॉरोथीबाई ८ डिसेंबर १८०७ रोजी तापाने वारल्या. अखेरपर्यंत भान आले नाही. पुढच्या मे महिन्यात कॅरी यांनी शार्लोट रुमोर या श्लेस्विगकडील घराण्यातील, अनेक भाषा जाणणाऱ्या बाईंशी विवाह केला. कॅरी यांचा हा संसार १८२१ पर्यंत सुखाचा झाला. पहिलीच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांत झालेल्या या विवाहाने सहकारी मंडळी अस्वस्थ झाली होती. पण शार्लोटबाईंनी त्यांची मने लवकरच जिंकली.

११ मार्च १८१२ च्या आगीत छापखाना जळाला. कागदाच्या १,२०० रिमा, अनेक भाषांचे टंक आणि कॅरी यांच्या बहुभाषिक कोशाची हस्तलिखिते त्यात गेली. पोलादी ठसे वाचले आणि वितळलेल्या धातूतून काही महिन्यांत पुन्हा अक्षरे ओतली गेली. आगीला तोंड देणारे हे घर पैशाच्या व अधिकाराच्या वादात मात्र फुटले. नव्या पिढीतील मिशनऱ्यांना सामाईक पंगत व वडीलधाऱ्यांचा अंमल जाचक वाटू लागला. त्यांत कॅरी यांचा पुतण्या युस्टेस होता. तो आणि त्याचे सहकारी १८१८ पर्यंत कलकत्त्यास वेगळे झाले. इंग्लंडमधील सोसायटीशी मालमत्तेवरून सुरू झालेला तंटा १८२७ मध्ये फारकतीपर्यंत गेला. शनिवारच्या संध्याकाळी तो मिटण्यासारखा नव्हता. वॉर्ड १८२३ मध्ये गेले, कॅरी १८३४ मध्ये, जोशुआ मार्शमन १८३७ मध्ये. १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर इंग्रजांना विकले. १८०० च्या जानेवारीत त्या मोठ्या दालनात जेवावयास बसलेल्या दहा मोठ्या माणसांपैकी हॅना मार्शमन तेव्हाही तेथेच राहत होत्या. त्या १ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, श्रीरामपुरातच वारल्या.